केस उपटण्याचा विकार : वर्तनोपचाराच्या चाचण्या

केस उपटण्याचा विकार, म्हणजेच ट्रिकोटिलोमेनिया, यात माणूस स्वतःच्या डोक्याचे, भुवयांचे किंवा पापण्यांचे केस वारंवार उपटतो. थांबावेसे वाटते, पण थांबता येत नाही. हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी 1889 मध्ये दिले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात तो मंत्रचळाशी (नको असलेले विचार आणि त्यापायी होणाऱ्या त्याच त्या कृतींच्या विकाराशी) संबंधित विकारांमध्ये आला. त्याआधी त्याची गणना आवेग-नियंत्रणाच्या विकारांत होई. जैन मुनींचा केशलोच यात मोडत नाही. ते जाणूनबुजून पाळलेले व्रत आहे, आवरता न येणारी ओढ नव्हे.

उपटणे दोन तऱ्हांचे असते. पुस्तक वाचताना किंवा फोनवर बोलताना हात नकळत टाळूकडे जातो, बोटे केसांतून फिरत एखादा जाड, कुरळा केस शोधतात, तो निघतो, त्याचे मूळ बोटांत चुरले जाते, आणि मांडीवर पाच-पंचवीस केस दिसले की मग भान येते. दुसऱ्या तऱ्हेत ताण किंवा अस्वस्थता जाणवते आणि ती उतरावी म्हणून माणूस आरशासमोर बसून जाणीवपूर्वक उपटतो. एकाच माणसात दोन्ही सापडतात. पुष्कळ जण आधी चाई पडली असे समजून त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात. चाईची जागा बहुधा गुळगुळीत असते, इथे मात्र कमी-अधिक लांबीचे तुटके खुंट हाताला लागतात. लाजेपायी खरे कारण सांगितले जात नाही.

उपचाराचा पाया मानसशास्त्रज्ञ नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन यांनी 1973 मध्ये मांडलेले सवय-उलट प्रशिक्षण हा आहे. हात कधी, कुठे, कशाच्या आधी वर जातो हे आधी बारकाईने ओळखायचे, आणि हात निघाला की त्याच हाताला दुसरे काम द्यायचे : मूठ आवळून धरायची किंवा हातात काही घट्ट पकडायचे, ऊर्मी ओसरेपर्यंत. पुढे त्यात परिसर बदलण्याची भर पडली. न्हाणीघरातला प्रखर दिवा बदलणे, चिमटा घराबाहेर काढणे, वाचताना बोटांना पट्ट्या गुंडाळणे असे ते साधे उपाय असतात.

ही पद्धत लागू पडते का, हे तपासणे वाटते तितके सरळ नाही. रुग्णाला रोज उपटलेले केस मोजून पाकिटात ठेवायला सांगितले की त्या मोजण्यानेच उपटणे कमी होऊ लागते. म्हणजे मोजपट्टीच औषधाचे काम करते! शिवाय लक्ष देऊन ऐकणारा कोणी भेटला, एवढ्यानेही फरक पडतो. म्हणून या चाचण्यांचे निकाल वाचताना सुधारणा किती झाली याआधी ती कशाच्या तुलनेत झाली, हे पाहावे लागते.

अझरिन, नन आणि फ्रान्झ यांनी 1980 मध्ये 34 जणांवर तुलना केली. एका गटाला सवय-उलट प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्याने केस न उपटता उपटण्याचा अभिनय ठरवून पुन्हा पुन्हा केला. पहिल्या गटात उपटण्याचे प्रसंग 90 टक्क्यांहून अधिक घटले, दुसऱ्यात निम्म्या ते दोन-तृतीयांशाच्या आसपास. मात्र हे आकडे रुग्णांनी स्वतः सांगितलेले होते.

औषधाशी सामना पुढे झाला. नेदरलंड्समध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली : वर्तनोपचार, फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध, किंवा प्रतीक्षा यादी, म्हणजे तूर्त कोणताच उपचार नाही. चाचणी पूर्ण केलेल्या 40 जणांत बारा आठवड्यांनंतर ठळक सुधारणा वर्तनोपचाराच्या गटात 64 टक्के, फ्लुओक्सेटिनच्या गटात 9 टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत 20 टक्के लोकांत दिसली. टक्केवारी मोठी वाटते, पण माणसे मोजली तर ती 14 पैकी 9, 11 पैकी 1 आणि 15 पैकी 3 एवढीच आहेत. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा वर्तनोपचाराने मिळालेल्या फायद्यातला बराच भाग ओसरला होता.

सवय-उलट पद्धत नकळत उपटण्यावर जशी चालते तशी ताणातून येणाऱ्या उपटण्यावर चालत नाही, या जाणिवेतून मानसशास्त्रज्ञ डग्लस वुड्स आणि सहकाऱ्यांनी तिला स्वीकार व बांधिलकी उपचाराची जोड दिली. इथे ऊर्मी दाबायची नसते. ती आली आहे हे मान्य करून, तिच्या तालावर न नाचता हातातले काम चालू ठेवायचे असते. 2006 च्या चाचणीत तुलना प्रतीक्षा यादीशी होती आणि निकाल चांगला आला. खरी कसोटी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली : 85 प्रौढ, बारा आठवड्यांत दहा सत्रे, आणि समोर प्रतीक्षा यादीऐवजी विकाराची माहिती व आधार देणारे समुपदेशन. उपचार संपताना जोड-उपचाराच्या गटात विकाराची तीव्रता अधिक उतरलेली होती. जीवनमान दोन्हीकडे सारखेच सुधारले, आणि नंतरच्या तपासणीत फायदा बहुतांशी टिकला असला तरी दोन गटांमधले अंतर कमी झाले होते.