दूरशिक्षणातून हर्बलिस्ट व्हायचंय? अर्ज भरण्याआधी पात्रता, कागदपत्रं आणि क्लिनिकल तासांचा हिशोब

वनौषधींचं शिक्षण घ्यायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "कुठला कोर्स चांगला?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. शिकून झाल्यावर तुम्ही कुठे काम करणार आणि स्वतःच्या नावापुढे काय लिहिणार, हे आधी ठरवा. ते ठरलं की निम्मे कोर्स आपोआप यादीतून गळतात आणि उरलेल्यांना काय विचारायचं तेही कळतं.

कारण 'हर्बलिस्ट', म्हणजे वनौषधींनी उपचार करणारी व्यक्ती, या शब्दाला प्रत्येक देशात वेगळं कायदेशीर वजन आहे. ब्रिटनमध्ये हे पद संरक्षित नाही, म्हणजे तो शब्द कोणीही वापरू शकतो. मात्र समोर बसलेल्या माणसाशी सविस्तर बोलून खास त्याच्यासाठी वनौषधी तयार करून देण्याची मुभा हर्बलिस्टला मिळते ती २०१२ च्या ह्यूमन मेडिसिन्स रेग्युलेशन्समुळे, आणि तिलाही अटी आहेत. अमेरिकेत हर्बलिस्ट म्हणून परवाना मिळत नाही. रोगाचं निदान आणि उपचार हा परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकांचा प्रांत असल्यामुळे तिथे काय बोलायचं, काय लिहायचं याची फार काळजी घ्यावी लागते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 'ट्रॅडिशनल चायनीज मेडिसिन हर्बलिस्ट' हे पद नोंदणीशिवाय लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात चिनी वैद्यकाची नोंदणी १ जुलै २०१२ पासून राष्ट्रीय पातळीवर होते, पाश्चात्त्य वनौषधी उपचार मात्र त्या नोंदणीत येत नाहीत. भारतात आयुर्वेदाची व्यावसायिक प्रॅक्टिस राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायदा, २०२० खाली येते. त्यासाठी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची बीएएमएस पदवी कॉलेजात हजर राहूनच करावी लागते. घरबसल्या केलेल्या सर्टिफिकेट कोर्सवर वैद्य म्हणून नोंदणी होत नाही.

सारख्या वाटणाऱ्या चार शब्दांत फरक आहे

माहितीपत्रकात हे चार शब्द एकमेकांत मिसळून वापरलेले दिसतील, म्हणून ते नीट वेगळे करून घ्या. प्रमाणपत्र म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा त्या संस्थेने दिलेला कागद. मान्यता मिळते ती संस्थेला किंवा अभ्यासक्रमाला, आणि ती देणारी संस्था बाहेरची असते. नोंदणी म्हणजे व्यावसायिक संघटनेच्या किंवा सरकारी नोंदवहीत तुमचं नाव येणं. परवाना फक्त शासन किंवा शासनाने अधिकार दिलेली यंत्रणा देते.

"आमचा कोर्स मान्यताप्राप्त आहे" हे वाक्य दिसलं की लगेच विचारा: कोणाची मान्यता, कुठल्या कोर्सला, कधीपर्यंत? एकाच संस्थेच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला मान्यता असते आणि सहा महिन्यांच्या कोर्सला नसते, असंही होतं. उत्तर संस्थेकडून घ्या, पण खात्री मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीवरून करा. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं. त्याला अर्धा तास लागतो आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यावर अवलंबून असतात.

खरी अडचण: क्लिनिकल तास

वनस्पतिशास्त्र, शरीररचना, औषधांची रसायनं, मात्रा हे सगळं घरी बसून उत्तम शिकता येतं. रात्री, नोकरी सांभाळून, हवं तर एकच व्याख्यान तीनदा ऐकून. दूरशिक्षणाचं हे मोठं बळ आहे आणि मी त्याच्या बाजूनेच आहे. पण समोर बसलेल्या माणसाचा श्वास, त्वचा, आवाज, बोलताना तो कुठे अडखळतो हे पाहायला शिकणं अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच होतं. म्हणूनच नोंदणी देणाऱ्या संघटना देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर घालवलेल्या तासांवर, म्हणजे क्लिनिकल तासांवर, अडून बसतात.

आकडे पाहा. ब्रिटनमधली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल हर्बलिस्ट्स ही १८६४ मध्ये स्थापन झालेली संघटना. तिच्या मान्यतेच्या प्रशिक्षणात देखरेखीखालचे ५०० क्लिनिकल तास अपेक्षित असतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन हर्बलिस्ट्स गिल्डच्या 'रजिस्टर्ड हर्बलिस्ट' या दर्जासाठी शिक्षण आणि अनुभव मिळून किमान ४ वर्षं आणि त्यात ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव मागितला जातो. अर्जासोबत सविस्तर केस हिस्टरी आणि शिफारसपत्रंही जोडावी लागतात. शेजारच्या शाखेचं माप हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये निसर्गोपचाराच्या प्रशिक्षणासाठी मानकं प्रसिद्ध केली आहेत. त्यात पूर्णवेळ व्यावसायिकासाठी किमान १५०० तास आणि त्यातले किमान ४०० तास देखरेखीखालचं क्लिनिकल काम असं धरलं आहे.

आता हेच आकडे हातात घेऊन कोर्सचं माहितीपत्रक उघडा. एकूण ३०० तासांचा कोर्स 'व्यावसायिक हर्बलिस्ट' घडवण्याचं सांगत असेल, तर तो कुठल्या नोंदणीपर्यंत नेतो हे त्यांनाच विचारा. ३०० तासांचा कोर्स वाईट असतो असं मुळीच नाही. स्वतःसाठी, घरच्यांसाठी, बागेसाठी, लेखनासाठी तो पुरेसा आणि आनंदाचा असू शकतो. फक्त तो कशासाठी आहे हे तुम्हाला पैसे भरण्याआधी कळायला हवं.

क्लिनिकल तासांबद्दल संस्थेला लेखी विचारण्यासारखं बरंच आहे. हे तास संस्था मिळवून देते की विद्यार्थ्याने स्वतः मार्गदर्शक शोधायचा? मार्गदर्शकाची नोंदणी कुठल्या संघटनेत असावी लागते? व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या रुग्णाचे तास धरले जातात का, आणि किती? शेजारी बसून नुसतं पाहण्याचे तास आणि स्वतः रुग्ण हाताळण्याचे तास वेगळे मोजले जातात का? "होय, सगळं होतं" असं गोलमोल उत्तर आलं तर पुन्हा विचारा. ज्या संस्थेकडे खरी व्यवस्था असते ती नियमावलीचं पानच पाठवते.

पान हातात घेतल्याशिवाय

निवासी सत्रं किंवा प्रात्यक्षिकांचे आठवडे असलेला कोर्स थोडा अवघड पडला तरी मी तोच घ्यायला सांगते. एक उदाहरण देते. कॉम्फ्री आणि फॉक्सग्लव्ह या दोन झाडांना फुलं आलेली नसतात तेव्हा फोटोत ती फसवतात: दोघांचीही जमिनीलगत पसरलेली, लांबट, सुरकुतलेली पानं. हातात घेतल्यावर फरक कळतो. कॉम्फ्रीचं पान खरखरीत लागतं, त्याची कड सलग असते आणि वरच्या पानांचा तळ खोडावर पंखासारखा खाली उतरलेला असतो. फॉक्सग्लव्हच्या पानावर मऊ लव असते आणि कडेवरून बोट फिरवलं की बारीक दाते जाणवतात. कॉम्फ्रीचा पोटातून वापर यकृताला अपायकारक म्हणून टाळतात, हा एक भाग झाला. पण तिच्या जागी चुकून फॉक्सग्लव्ह गेलं तर थेट हृदयाची लय बिघडते, आणि अशी गफलत झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

अदलाबदल फक्त बागेत होते असंही नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोचिया गेली. दोघींची चिनी व्यापारी नावं मिळतीजुळती. शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, त्यातल्या कित्येकींची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. म्हणून अभ्यासक्रमात वनस्पतीची ओळख, शास्त्रीय नावं, कच्च्या मालाची तपासणी आणि हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर लावलेला वनस्पतीचा नमुना) तयार करणं आहे का, हे पाहाच. आधुनिक औषधांबरोबर होणाऱ्या आंतरक्रियांवर स्वतंत्र घटकही हवा. नैराश्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ज्येष्ठमध फार दिवस, जास्त मात्रेत घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. हे न शिकवणारा कोर्स व्यावसायिक कामासाठी घेऊ नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

पात्रता

सर्टिफिकेट कोर्सना बहुधा अट नसते, किंवा वय १८ पूर्ण एवढीच असते. डिप्लोमासाठी साधारणपणे शालेय शिक्षण पूर्ण झालेलं लागतं, पदवीसाठी विद्यापीठाच्या प्रवेशाचे नियम लागू होतात. विज्ञान शाखा नसेल तर काही संस्था जीवशास्त्र-रसायनशास्त्राचा पायाभूत कोर्स आधी करायला लावतात. तो टाळू नका. अभ्यासक्रमाची भाषा तुमच्या शिक्षणाच्या माध्यमापेक्षा वेगळी असेल तर भाषेच्या परीक्षेचा निकाल मागतात, आणि या निकालाला ठरावीक मुदत असते. नर्सिंग, फार्मसी किंवा तत्सम शिक्षण झालेलं असेल तर काही विषयांतून सूट मिळू शकते. पण तो अर्ज प्रवेशाच्या वेळीच करायचा असतो, नंतर सहसा ऐकून घेत नाहीत.

कागदपत्रं

ओळखपत्र किंवा पासपोर्ट, जन्मतारखेचा पुरावा, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, फोटो, उद्देशपत्र, एखाद-दोन शिफारसपत्रं: प्रवेशाच्या वेळी एवढं पुरतं. प्रती साक्षांकित हव्यात की स्वसाक्षांकित चालतात ते अर्जातच लिहिलेलं असतं, ते वाचा. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावातल्या फरकामुळे. गुणपत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतरचं तिसरं. हे प्रतिज्ञापत्राने किंवा नावबदलाच्या अधिकृत कागदाने प्रवेशाच्या आधीच मिटवा, कारण प्रमाणपत्रावर जे नाव छापून येतं तेच नोंदणीपर्यंत जातं.

दुसऱ्या देशातली संस्था असेल तर दोन गोष्टी वाढतात. एक, अधिकृत भाषांतर. दोन, अपोस्टिल, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार सार्वजनिक कागदपत्रावर त्या-त्या देशाच्या यंत्रणेने मारलेला शिक्का. मूळ प्रमाणपत्राला अपोस्टिल लागतं की साक्षांकित प्रतीला, हे आधी विचारून घ्या. नाहीतर तेच काम दोनदा करावं लागतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या डिप्लोमावर विषय होते, श्रेणी होती, पण तास कुठेच लिहिलेले नव्हते. काही वर्षांनी नोंदणीसाठी अर्ज केला तेव्हा तासांचा पुरावा मागितला गेला. तोवर ती संस्था बंद झाली होती आणि पत्राला उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं. शिकलेलं सगळं डोक्यात होतं, कागदावर काहीच नव्हतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारा: ट्रान्सक्रिप्टवर (संस्थेच्या अधिकृत गुणपत्रकावर) विषयवार तास येतील का? क्लिनिकल तास स्वतंत्र दाखवाल का? आणि ज्या वर्षी शिकता त्या वर्षीचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह मागून ठेवा.

लॉगबुकही पहिल्या दिवसापासून ठेवायचं. प्रत्येक नोंदीत तारीख, किती तास, रुग्णाचं नाव न लिहिता फक्त क्रमांक आणि वय, तक्रार, काय पाहिलं, काय सुचवलं, पुढच्या भेटीत काय झालं. खाली मार्गदर्शकाची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. सही त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी एकदम घेतलेल्या सह्यांवर कुठलीही समिती शंका घेते, आणि ती शंका रास्त असते.

एक पूर्ण प्रक्रिया कशी दिसते

जर्मनीचं उदाहरण घेते, कारण तिथे कोर्स आणि परवाना यांच्यातली रेघ अगदी ठळक आहे. तिथे डॉक्टर नसताना उपचार करायचे तर १९३९ च्या कायद्याखाली 'हाइलप्राक्टिकर' म्हणून परवानगी लागते. अर्ज आरोग्य कार्यालयाच्या यंत्रणेकडे जातो. वय किमान २५, किमान शालेय प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला आणि डॉक्टरचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. लेखी परीक्षा मार्च आणि ऑक्टोबरमध्ये होते: ६० प्रश्न, त्यातले ४५ बरोबर हवेत. मग तोंडी परीक्षा. तयारी तुम्ही दूरशिक्षणाने केली की वर्गात बसून, हे परीक्षक विचारत नाहीत. संसर्गजन्य रोग ओळखता येतात का, रुग्णाला कधी डॉक्टरकडे पाठवायचं ते कळतं का, हे पाहतात.

दूरशिक्षणाच्या कोर्सलाही तिथे सरकारी मंजुरी लागते. ती कोलोनमधली मध्यवर्ती संस्था देते आणि मंजुरी क्रमांकावरून कोर्स तपासता येतो. सही केल्यावर दोन आठवड्यांत करार मागे घेता येतो. पहिलं अर्ध वर्ष संपताना सहा आठवड्यांच्या नोटिशीवर, आणि त्यानंतर केव्हाही तीन महिन्यांच्या नोटिशीवर कोर्स सोडता येतो. तुमच्या संस्थेवर हे नियम लागू नसले, तरी करार वाचताना हे माप म्हणून वापरा. मधेच सोडल्यास पैसे परत मिळतात का? आजारपणात मुदत वाढते का? संस्था बंद पडली तर तुमच्या नोंदी कोणाकडे जातील? ज्या करारात या तिन्हीबद्दल एक ओळही नाही, त्यावर सही करण्याआधी ती ओळ घालून मागा.

अर्ज पाठवताना

क्रम असा ठेवा: आधी नोंदणी देणाऱ्या संघटनेला ईमेल करून विचारा, "अमुक संस्थेचा अमुक कोर्स पूर्ण केल्यावर मी तुमच्याकडे अर्ज करू शकते का, आणि आणखी काय लागेल?" उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. मग संस्थेशी बोला, शक्य असेल तर नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या एखाद्या विद्यार्थ्याशीही. क्लिनिकल तासांसाठी मार्गदर्शक कोण असेल याचा अंदाज प्रवेशाआधीच घ्या. शेवटच्या वर्षात शोधायला निघालेल्यांचे महिनोन् महिने त्यात जातात. त्यानंतरच फॉर्म भरा. भरलेल्या फॉर्मची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि त्या दिवशीचं माहितीपत्रक एकाच फाइलमध्ये तारखेसह ठेवा. संकेतस्थळावरचं माहितीपत्रक पुढच्या वर्षी बदललेलं असतं, आणि तुमच्याशी काय ठरलं होतं हे दाखवायला तीच प्रत कामी येते.