बटाट्याच्या शेतातले सेन्सर आणि झोपायला शिकलेला रेडिओ

२००५ सालची गोष्ट आहे, नेदरलँड्समधली. डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बटाट्याच्या एका शेतात शंभरेक छोटे वायरलेस सेन्सर लावले. बटाट्यावर फायटोफ्थोरा नावाचा रोग येतो, आपले शेतकरी त्याला करपाच म्हणतात, आणि १८४५ नंतर आयर्लंडमधे ज्याने लाखो माणसं उपाशी मारली तो हाच. हा रोग कधी पसरणार ते पानांच्या आतली हवा किती दमट आहे त्यावर ठरतं, म्हणून विचार असा होता की शेतात जागोजाग तापमान आणि दमटपणा मोजायचा आणि जिथे गरज तिथेच, गरज असेल तेव्हाच औषध मारायचं. कल्पनेत काहीच खोट नव्हती.

पण लावायच्या अगदी तोंडावर कोणाच्या तरी हातून अर्धवट दुरुस्त केलेला कोड आत गेला, त्यामुळे लांबून नवा प्रोग्राम पाठवायची सोयच बंद पडली आणि एकेक नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेली एकेक डबी, हातात घेऊन पुन्हा प्रोग्राम करावा लागला. ते निस्तरलं तर जवळजवळ सगळ्यांच्या बॅटऱ्या चार दिवसांत संपल्या, कारण नवा कोड एकमेकांना वाटण्याचं काम नोड थांबवतच नव्हते. सगळं मिळून नेटवर्क चाललं तीन आठवडे आणि जेवढा डेटा यायला पाहिजे होता त्यातला हातात आला २ टक्के. शंभरातले दोन! आणि या लोकांनी ते दडपलं नाही, काय काय चुकलं ते सगळं सविस्तर लिहून छापलं. या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं लिखाण तेच आहे, कारण पुढे जे नीट चालायला लागलं ते अशा कबुल्यांवरच उभं आहे.

आता थोडं मागे जाऊ. १९९७ च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या क्रिस पिस्टर यांनी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेपुढे ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना मांडली, म्हणजे धुळीच्या कणाएवढा कॉम्प्युटर, त्यात सेन्सर, त्यातच संपर्काची सोय, आणि असे हजारो कण पसरून द्यायचे. धुळीएवढं काही लगेच झालं नाही, पण काडेपेटीएवढे बोर्ड झाले, बर्कलीच्याच डेव्हिड कलर यांच्या ग्रुपने त्यांच्यासाठी टायनीओएस नावाची इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, आणि २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर असे ३२ नोड लावले गेले. तिथे स्टॉर्म पेट्रेल नावाचे समुद्री पक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात. माणूस सारखा डोकावायला लागला तर पक्षी घरटं सोडून जातो, म्हणजे अभ्यास करायला जावं तर अभ्यासाचा विषयच उडून जाणार, म्हणून बिळातच सेन्सर ठेवला. वायर नाही, माणूस नाही, दोन पेन्सिल सेलवर चालणारी एक डबी आत गप पडून आहे आणि बिळातलं तापमान सांगतेय. वायरलेस सेन्सर कशाला पाहिजेत असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

बघायला गेलं तर यात सेन्सर हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे तो रेडिओ. मी असाच एक जुना बोर्ड टेबलावर घेऊन सेल आणि बोर्डाच्या मधे मल्टीमीटर लावून बघितला होता. रेडिओ बंद, प्रोसेसर झोपलेला, तेव्हा मीटरवर फक्त काही मायक्रोअँप, म्हणजे जवळजवळ शून्यच. मग रेडिओ चालू केला, काहीही पाठवत नाहीये, नुसतं ऐकत बसलाय, आणि आकडा टुणकन उडी मारून २० मिलिअँपच्या जवळ! पाठवायला लावलं तरी साधारण तेवढाच, उलट किंचित कमी. आपल्याला वाटतं ओरडायला ताकद लागते, ऐकणं फुकट असतं. या चिपमधे तसं नाहीये, ऐकायला बोलण्याइतकीच बॅटरी जाते, कधी जास्तच.

आता हिशोब करा. चांगल्या पेन्सिल सेलमधे साधारण २५०० मिलिअँप-तास असतात. २० ने भागा, १२५ तास, म्हणजे पाच दिवस आणि थोडंसं. कान उघडे ठेवून बसलेला नोड आठवड्याच्या आत मेलाच. पण रेडिओ शंभरातला एकच टक्का वेळ चालू ठेवला तर तेच सेल ५०० दिवस जातात, आणि हजारातला एकच भाग ठेवला तर सेलचं आपोआप उतरणंही हिशोबात धरावं लागतं. म्हणजे सगळं कौशल्य झोपण्यात आहे. फक्त एक भानगड आहे, तुम्ही झोपलेले असताना शेजाऱ्याने हाक मारली तर ती गेली ना वाया.

हे नळाच्या पाण्यासारखं आहे. पाणी कधी येणार ते माहीत नसेल तर घरातलं एक माणूस दिवसभर अडकून पडतं. त्यावर पहिला उपाय काय, तर अधूनमधून नळ उघडून फुसफुस ऐकू येते का तेवढं बघायचं, नसेल तर बंद करून आपल्या कामाला लागायचं. २००४ मधल्या बी-मॅक नावाच्या पद्धतीत साधारण हेच होतं: ऐकणारा क्षणभर जागा होऊन हवेत काही चाललंय का बघतो आणि परत झोपतो, आणि पाठवणाऱ्याला मात्र समोरचा एकदा तरी जागा होईल इतका वेळ आरोळी देत राहावं लागतं. पुढे एक्स-मॅक, कॉन्टिकीमॅक अशा तिच्या सुधारलेल्या बहिणी आल्या.

दुसरा उपाय म्हणजे वेळ ठरवून घेणं. पाणी साडेपाचला येणार हे पक्कं असेल तर गजर लावून निवांत झोपता येतं. पण मग सगळ्यांची घड्याळं जुळायला पाहिजेत. नोडमधे हातातल्या घड्याळात असतो तसला स्वस्त क्रिस्टल असतो, तो दहा लाखात वीसेक भाग इकडेतिकडे चालतो, आणि एक पुढे धावणारा आणि दुसरा मागे रेंगाळणारा अशी जोडी पडली तर फरक चाळीस भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण या हिशोबाने दोन घड्याळांत एक मिलिसेकंदाचा फरक पडायला २५ सेकंद पुरतात. नेहमीच्या पद्धतीत दहा मिलिसेकंदांचा एक स्लॉट, म्हणजे बोलायची ठरलेली वेळ, असतो आणि ऐकणारा ठरलेल्या क्षणाच्या आधी-नंतर साधारण एक मिलिसेकंदच कान उघडे ठेवतो, म्हणून मग सारखं घड्याळ लावून घ्यावं लागतं. त्यासाठी वेगळा निरोप लागत नाही, पॅकेट, म्हणजे निरोपाचा एक तुकडा, अपेक्षेपेक्षा किती लवकर किंवा उशिरा आलं त्यावरूनच शेजारी आपलं घड्याळ सुधारतो. मला हे फार सुंदर वाटतं, कामाचं बोलता बोलताच वेळ जुळत राहते.

पण वेळ जुळली म्हणून निरोप पोचेलच असं नाही. हे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, तिथे लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर आहे. भिंतीवरून, लोखंडी कपाटावरून आपटून आलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरीला कुठे जोर देतात तर कुठे पुसून टाकतात, त्यामुळे नोड बोटभर सरकवला की मेलेली लिंक जिवंत होते आणि चालू असलेली मरते. त्यात कोणी दार उघडलं, समोर ट्रक उभा केला की सगळं चित्रच पालटतं, आणि वायफायही त्याच पट्ट्यात. शेतात तर अजून गंमत, त्या बटाट्याच्या शेतातच दिसलं की हवा दमट असताना, रात्री आणि पावसात, सिग्नल उलट जास्त चांगला जात होता. आपल्या अंदाजांना इथे फार किंमत नाही, मोजूनच बघावं लागतं.

यावर पिस्टर यांनीच २००२ मधे काढलेल्या डस्ट नेटवर्क्स कंपनीने जो मार्ग धरला तो म्हणजे दर वेळी चॅनल बदलायचा. असल्या कमी ताकदीच्या रेडिओंसाठीच्या ८०२.१५.४ या स्टँडर्डमधे २.४ च्या पट्ट्यात १६ चॅनल आहेत, एकावर पॅकेट हरवलं तर पुढचा प्रयत्न दुसऱ्यावर, तिथल्या लहरी वेगळ्या जुळतात म्हणून बहुतेक वेळा पोचतं. (चॅनलवरून चॅनलवर उड्या मारायची युक्ती तशी जुनी, हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मधे टॉर्पेडोसाठी तिचं पेटंट मिळालं होतं.) ठरलेली वेळ अधिक बदलता चॅनल, शिवाय प्रत्येक नोडला निदान दोन शेजारी म्हणजे एक गेला तर दुसरा, या तिन्हीचं मिळून जे झालं ते २००७ मधे वायरलेसहार्ट या कारखान्यांसाठीच्या स्टँडर्डच्या रूपाने कारखान्यांत शिरलं आणि २०१२ मधे टीएससीएच नावाने ८०२.१५.४ मधेच घेतलं गेलं. रिफायनरीत टाकीचं प्रेशर असल्या रेडिओवरून वाचायला लागले तेव्हा खरं हा विषय प्रयोगशाळेतून बाहेर पडला.

मग २०११ मधे झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातून ग्लॉसी नावाचं तंत्र आलं, ते मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटेना. तोवर सगळ्यांचा नियम एकच, एक बोलत असताना दुसऱ्याने बोलायचं नाही, नाहीतर गोंधळ. ग्लॉसी म्हणतं सगळ्यांनी एकदमच बोला, फक्त तेच शब्द आणि त्याच क्षणी. कोणीतरी ‘पुंडलिक वरदे’ म्हणतो आणि अख्खी दिंडी एका ठेक्यात ‘हरी विठ्ठल’ म्हणते तेव्हा शब्द अस्पष्ट होतात का? उलट लांबपर्यंत जातात. इथे ठेका अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत जुळावा लागतो आणि तो जुळवला गेला. एक नोड पाठवतो, ज्यांना ऐकू गेलं ते सगळे लगेच तेच पुन्हा म्हणतात, मग त्यांच्या पुढचे, आणि काही मिलिसेकंदांत अख्ख्या नेटवर्कला निरोप गेलेला असतो. कोणी कोणाला द्यायचं याचे रस्ते आखायला नकोत की त्यांची डागडुजी करायला नको, आणि जाता जाता घड्याळंही जुळून येतात.

हे सगळं मला जवळचं वाटतं ते सह्याद्रीमुळे. ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. याच पश्चिम घाटात खाली केरळमधे, मुन्नारला, अमृता विद्यापीठाने त्याच्या काही वर्षं आधीपासून डोंगरउतारात सेन्सर पुरून ठेवलेत, पाऊस मुरला की जमिनीतल्या पाण्याचा दाब किती वाढतो ते मोजणारे, आणि तिथून वायरलेसने माहिती बाहेर येते. अशा ठिकाणी २ टक्के डेटाचा उपयोगच नाही, कारण वीज गेलेली, रस्ता तुटलेला, धो धो पाऊस लागलेला, नेमक्या त्याच रात्रीचा डेटा पाहिजे असतो. दरड म्हणजे वर्षानुवर्षं काहीच न घडणं आणि मग एका तासात सगळं घडणं, तेवढी वर्षं ती डबी जिवंत राहायला हवी.

राहू शकते हे स्वित्झर्लंडमधे दिसलंय. २००३ च्या कडक उन्हाळ्यात मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्नली धारेवरून कडा कोसळला, कारण खडकांच्या भेगांमधला कायमचा बर्फ वितळत होता. २००८ मधे तिथे, साधारण ३५०० मीटरवर, पर्मासेन्स प्रकल्पाच्या लोकांनी भेगांवर सेन्सर बसवले. वीज पडते, बर्फाखाली नोड गाडले जातात, आणि सेल बदलायचा तर दोर लावून चढून जावं लागतं, म्हणून एका सेलवर तीन वर्षं चालेल असंच डिझाइन केलं. रेडिओ पद्धत डोझर नावाची, म्हणजे डुलक्या घेणारा, आणि तिचा रेडिओ हजारातले जेमतेम पावणेदोन भाग वेळ जागा असतो. दर दोन मिनिटांनी मोजमाप. त्यांनी २००८ ते २०१८ असा दहा वर्षांचा डेटा सगळ्यांसाठी खुला केला.

भेग थंडीत रुंदावते कारण खडक आकसतो, उन्हाने परत मिटते. पण उन्हाळ्यात बर्फ वितळायला लागला की काही भेगा थोड्याशा सरकतात आणि तेवढ्या मात्र पुन्हा मागे येत नाहीत. एका वर्षाच्या आलेखात ते नजरेला पटकन दिसत नाही, वर्षामागून वर्षं जोडत गेलं की पायरी पायरी चढत गेलेली रेघ दिसते.