ॲलर्जीची लस सुरू करण्याआधी हे वाचा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या छोट्या ॲलर्जी केंद्रात येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. सकाळी डोळे उघडले की सटासट शिंका, नाकातून पाणी, टाळूला खाज. गोळी घेतली की दिवस निघतो, सोडली की पुन्हा तेच. "डॉक्टर, यावर कायमचा काही इलाज नाही का?" इलाज आहे, पण तो तीन ते पाच वर्षं चालतो आणि सगळ्यांसाठी नाही. म्हणून हे पत्रक घरी न्या, सावकाश वाचा, मग ठरवा.

गोळी आणि लस यांतला फरक

ज्या कणाची ॲलर्जी आहे त्याच्याविरुद्ध शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आधीच बनवून ठेवलेली असतात. ती नाकातल्या आणि श्वासनळीतल्या मास्ट पेशींवर बसून असतात. तो कण आत गेला की या पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि शिंका सुरू होतात. गोळी फक्त या हिस्टामिनला अडवते. लसीत त्याच कणाचा अर्क अगदी कमी मात्रेत देतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. मग शरीर आयजीजी४ ही वेगळी प्रतिपिंडं बनवू लागतं, त्या कणाला आधीच गाठणारी. प्रतिक्रिया आवरणाऱ्या टी-पेशीही वाढतात. म्हणूनच पूर्ण कोर्स झाल्यावर लस थांबवली तरी फायदा बऱ्याच जणांत पुढे काही वर्षं टिकतो.

हे नवं खूळ नाही. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून पाहिला तो १९११ साली.

आधी नेमकं कारण सापडायला हवं

ठाण्यात घरातल्या धुळीतले माइट हे ॲलर्जीचं फार मोठं कारण आहे. डोळ्यांना न दिसणारे हे जीव गाद्या-उशांत राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, आणि दमट हवा त्यांना मानवते. खाडीकाठचं आपलं शहर, त्यात चार महिने गादीला ऊन दाखवायची सोय नाही. गणपती-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सामान काढताना त्रास उसळतो, त्यामागे बहुधा हेच असतात. बाकी झुरळं, बुरशी, परागकण, मांजर-कुत्रं.

तपासणी सोपी आहे. हातावर अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून टोकदार लॅन्सेटने हलकंसं टोचतो. रक्त येत नाही. १५ ते २० मिनिटांनी डास चावल्यासारखी गांधी उठली आणि ती तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या सलाइनच्या थेंबाच्या जागेपेक्षा ३ मिलीमीटर किंवा जास्त मोठी असली, तर ती धरतो. पण नुसत्या गांधीवर लस देत नाही. ती तुमच्या त्रासाशी जुळायला हवी. हातावर झुरळाची गांधी आली आणि घरात झुरळ असो-नसो त्रास सारखाच, तर झुरळाच्या लसीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

तपासणीआधी साधारण सात दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. इथे एक घोटाळा नेहमी होतो. "सेट्रिझिन बंद केलीय" म्हणतात, पण मॉन्टेलुकास्टची जी गोळी चालू असते तिच्यातच लेव्होसेट्रिझिन मिसळलेली असते. खोकल्याच्या औषधांतही असा घटक असू शकतो. पाकिटं सोबत आणा, आम्ही पाहून सांगू. दम्याचा पंप आणि नाकातला स्टेरॉइड स्प्रे मात्र बंद करू नका.

घोडबंदर रोडच्या बांधकामाची धूळ, अगरबत्तीचा किंवा फटाक्यांचा धूर यांवर लस नसते. त्यांनी नाक चुरचुरतं, पण ती ॲलर्जी नव्हे. अंगावरच्या पित्तावर आणि खाण्याच्या ॲलर्जीवरही आम्ही इंजेक्शन देत नाही.

इंजेक्शननंतरचा अर्धा तास

सुरुवातीचे तीन ते सहा महिने दर आठवड्याला दंडात त्वचेखाली एक इंजेक्शन, नंतर महिन्यातून एक. टोचल्या जागी खाज-सूज येते, ती बर्फाने उतरते. क्वचित कुणाला सगळ्या अंगावर तीव्र प्रतिक्रिया येते: अंगभर खाज, घसा आवळणं, धाप, चक्कर. ती जिवावर बेतू शकते. अशा बहुतेक प्रतिक्रिया पहिल्या ३० मिनिटांत दिसतात आणि मांडीत वेळेवर दिलेलं ॲड्रेनलिन माणसाला वाचवतं. ते आमच्या टेबलावर कायम तयार असतं, पण तुम्ही लोकलमध्ये असाल तर त्याचा काय उपयोग? म्हणून गाडी चुकली तरी चालेल, अर्धा तास बाकावर बसायचंच. ज्याला हे जमत नाही त्याला आम्ही इंजेक्शन देत नाही, आणि यावर वाद घालत नाही.

त्या दिवशी पुढचे दोन-तीन तास जिम, उपवनला धावणं, येऊरची चढण टाळा. घरी गेल्यावर वरची लक्षणं दिसली तर आम्हाला फोन लावत बसू नका, १०८ला लावा.

ताप किंवा दम्याची धाप असेल त्या दिवशी इंजेक्शन पुढे ढकलतो. दमा ताब्यात नसेल तर लस सुरूच करत नाही. रक्तदाब किंवा हृदयासाठीच्या एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या गोळ्या, अगदी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा चालू असतील तर आधी सांगा. त्यांच्यामुळे ॲड्रेनलिन नीट काम करत नाही. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाही. आधीपासून चालू असेल तर बोलून ठरवू.

दर आठवड्याला येणं शक्य नसेल तर जिभेखालचे थेंब आहेत. पहिला डोस इथे बसून, पुढचे रोज घरी: एक-दोन मिनिटं जिभेखाली धरून गिळायचे. तीव्र प्रतिक्रियेचा धोका कमी, पण रोजची आठवण तुमची. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

फरक जाणवायला काही महिने लागतात. तोवर स्प्रे, पंप चालूच राहतात. महिन्याचा डोस वर्षभर घेऊनही काहीच फरक नसेल तर आम्ही स्वतःच थांबायला सांगतो. गणपतीत किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर आधी कळवा. खंड मोठा पडला तर मात्रा खाली आणून पुन्हा चढवावी लागते.

पहिल्या भेटीला येताना जुने रिपोर्ट, चालू औषधांची सगळी पाकिटं आणि दम्याचा पंप घेऊन या. लहान मूल असेल तर त्याच्याजवळ रात्री झोपणारं माणूसही सोबत असू द्या. रात्रीचा खोकला त्यालाच ठाऊक असतो.