खेळातून शिक्षण (घरातील, १ ते ३ वर्षे)

चालू लागल्यापासून साधारण तीन वर्षांचे होईपर्यंत मूल घरातल्या वस्तू हाताळत, ओतत, आपटत, लपवत जे शिकते ते, आणि त्यासाठी घरातली मोठी माणसे करतात ती तजवीज. यात ठरलेला धडा नसतो. रंगांची नावे किंवा अंक खेळणी पुढे ठेवून घोकून घेतले, तर ते या पद्धतीत मोडत नाही. काय खेळायचे आणि कधी सोडायचे हे मुलाने ठरवावे, हा तिचा गाभा.

बालशिक्षणात खेळाला मानाचे पान देणाऱ्यांत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल आघाडीवर होते. त्यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे काढलेली संस्था पुढे ‘किंडरगार्टन’ म्हणून प्रसिद्ध झाली. मात्र अगदी लहान वयाचे बारकावे टिपले ते स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी, तेही स्वतःच्या तीन मुलांना न्याहाळून. सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल इंद्रिये आणि हालचाली यांच्या द्वारेच जग समजून घेते, असे त्यांनी मांडले.

उंच खुर्चीत बसलेले मूल चमचा खाली टाकते. उचलून दिला की पुन्हा टाकते. मोठ्यांना हा खोडसाळपणा वाटतो. मूल मात्र चमचा कुठे पडतो, आवाज कसा होतो आणि उचलून देणाऱ्याचा चेहरा कधी बदलतो, हे सारे एकदम तपासत असते. अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या कृतींचे आकृतिबंध ब्रिटिश संशोधक क्रिस ॲथी यांनी वर्णिले: फेकणे, भरून रिकामे करणे, गुंडाळणे, गोल फिरवणे, इकडचे तिकडे वाहून नेणे. पालकांना याचा उपयोग मोठा. फेकण्याच्या नादात असलेल्या मुलाला ठोकळे रचायला बसवण्यात अर्थ नसतो. मऊ चेंडू आणि टोपली दिली की त्याची हौसही भागते आणि घरातले काही फुटत नाही.

साधने महाग लागत नाहीत. ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी दुसऱ्या वर्षातल्या मुलांसाठी डबे, झाकणे, साखळ्या, पुठ्ठ्याची नळकांडी अशा वस्तूंचा मुक्त खेळ सुचवला. मोठ्या माणसाने जवळ बसायचे, पण काही सुचवायचे नाही, ही त्यातली अट. पाळायला सर्वांत अवघड तीच. वस्तू थोड्याच मांडाव्यात. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात १६ ऐवजी ४ खेळणी समोर असताना मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि ते अधिक तऱ्हांनी वापरून पाहू लागली. म्हणूनच बरेच पालक निम्मी खेळणी माळ्यावर टाकतात आणि अधूनमधून बदलतात. आवाज करणारी, दिवे लागणारी खेळणी आकर्षक असली, तरी २०१६ मधील एका छोट्या अभ्यासात ती असताना पालकांचे बाळाशी बोलणे पुस्तकांच्या तुलनेत कमी झालेले आढळले.

दीड वर्षाच्या आसपास लुटुपुटूचा खेळ सुरू होतो: रिकाम्या पेल्यातून पिणे, बाहुलीला भरवणे. काठीचा घोडा करताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करू लागते, असे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे म्हणणे होते. मात्र अशा खेळामुळेच बुद्धी किंवा भाषा वाढते, हे सिद्ध झालेले नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्याचा पुरावा कच्चा ठरला. ‘मेंदूला चालना देणारे’ असे लिहिलेले खोके विकत घेण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसऱ्या कुणाचे मूल घरी खेळायला आले की ‘वाटून खेळा’ असा आग्रह होतो. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये दाखवल्याप्रमाणे या वयात मुले बहुधा शेजारीशेजारी, पण आपापलेच खेळतात. एकेक वस्तू दोनदोन ठेवल्या की बरीच भांडणे टळतात.

सुरक्षिततेत मात्र मुलाची मर्जी चालत नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या चाचणी-नळीचा व्यास ३१.७ मिमी असतो. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. बटण-सेल आणि लोहचुंबकाचे छोटे तुकडे गिळले गेल्यास आतड्यांना किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. पाण्याचा खेळ चालू असताना क्षणभरही उठून जाऊ नये. काही इंच पाणीही धोक्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, दोन वर्षांनंतरही रोज एक तासाच्या आतच. आणि एक-दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी.