वाटीतले थेंब आणि मृगाचा फोटो

जानेवारीत गच्चीवरून पुतण्याने मोबाईलवर मृग नक्षत्राचा फोटो काढला. व्याध आला, आर्द्रेचा तांबूस ठिपकाही आला, पण आकाशभर रव्यासारखे दाणे. “काका, कॅमेरा खराब आहे का?”

नाही. दाणे प्रकाशाच्या स्वभावातच आहेत. पाऊस नुकताच सुरू झाला की गच्चीवर सारख्या वाट्या ठेवून बघा. एकीत 9 थेंब पडतील, शेजारचीत 13. सरासरी 9 थेंब असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे 3 चा. थेट तिसरा हिस्सा. सोळा पट वेळ थांबा: थेंब 144, चढउतार 12, जेमतेम बारावा हिस्सा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा पिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारा एक ठिपका, ही जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीची वाटी, आणि थेंब म्हणजे फोटॉन, प्रकाशाचे कण.

मग शटर चार मिनिटं उघडंच ठेवलं तर? तेवढ्यात आकाश एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांइतकं सरकतं आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून 2019 मध्ये गूगलने पिक्सेल 4 या फोनमध्ये वेगळी वाट काढली. प्रत्येकी 16 सेकंदांपर्यंतचे 15 फोटो घ्यायचे, तारे ओळखून प्रत्येक फोटो आधीच्यावर नेमका बसवायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. तारा ताऱ्यावर पडतो आणि ठळक होतो. दाणे दर वेळी वेगळ्या जागी पडतात, म्हणून विरत जातात. साध्या वर्गमुळाची ही करामत मला अजूनही थक्क करते.

चंद्राच्या ‘शंभरपट झूम’चं मात्र मला कौतुक नाही. काही फोन धूसर चंद्रावर आधीच शिकवून ठेवलेला तपशील चढवतात. तो प्रकाश तुमच्या वाटीत पडलेलाच नसतो.

नागपुरात दिव्यांचे फोटॉनही त्याच वाटीत पडतात. त्यांची सरासरी वजा करता येते, चढउतार उरतोच. त्यावर उपाय पेंच. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरला. जायचं ते अमावस्येला. ‘अमावस्येला रात्री बाहेर पडू नये’ या धाकाने मुलं महिन्यातली सर्वात सुंदर रात्र घरात काढतात, याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या अमावस्येला आम्ही पेंचजवळच्या सिल्लारीच्या बाजूला एका शेतात गेलो. फोन विटांच्या आधाराने आकाशाकडे तोंड करून ठेवला, हात लागून हलू नये म्हणून टायमर लावला आणि चार मिनिटं गप्प बसलो. पुतण्याने फोटो मोठा केला. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक फिका गुलाबी डाग होता: मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग. तिथून सुमारे 1,300 वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश त्याच्या तळहातावरच्या फोनमध्ये पोचला होता.