अँप (गाण्यांचा अँप्लिफायर) बिघडलाय? दुकानात आणण्याआधी एवढं बघा

स्क्रूड्रायव्हर जरा बाजूला ठेवा. अर्धं निदान झाकण न उघडता होतं.

एका बाजूचा आवाज गेलाय? अँप बंद करून मागच्या स्पीकर वायरी डाव्या-उजव्या बदला. मुका स्पीकर मुकाच राहिला, तर दोष त्याचा किंवा त्याच्या वायरीचा. आता दुसरा मुका झाला, तर वायरी जागेवर लावा आणि इनपुटच्या (टीव्ही किंवा प्लेअरकडून आवाज आणणाऱ्या) डाव्या-उजव्या पिना बदलून बघा. तरी तीच बाजू बंद असेल, तर मात्र अँप आमच्याकडं आणा.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुधा आतल्या कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीमुळं. अँप बंद ठेवून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. शिलाई मशीनचं तेल सोडू नका, त्याला आणखी धूळ चिकटते.

घुंऽऽ आवाज येत असेल तर इनपुटच्या सगळ्या वायरी काढा. आवाज थांबला तर एकेक परत लावत जा, टीव्हीची वायर सगळ्यात शेवटी. केबल टीव्हीच्या जोडणीतून अर्थिंगचा घोळ होतो, आणि बिचारा अँप उगाच बदनाम होतो. वायरी काढूनही, व्हॉल्यूम शून्यावर असताना घुमत असेल, तर फिल्टर कपॅसिटर (आतली वीज साठवून सपाट करणारा डबा) सुकल्याची शंका घ्यायची.

बऱ्याच अँपमध्ये चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आत 'टक्' वाजतं. तो रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच. स्पीकरच्या लाईनवर डीसी व्होल्टेज आलं की तो लागत नाही. 'टक्' नाही म्हणून रिले बायपास करणारे भेटतात. मग अँपसोबत स्पीकरची कॉईलही जळते.

फ्यूज गेला तर त्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घाला. पुन्हा उडाला की तिसरा घालू नका. एकदा एका अँपमध्ये फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली निघाली. दोनशे रुपयांत भागलं असतं, तिथं ट्रान्सफॉर्मरच गेला होता.

सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी: प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर भरलेले असतात. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येकाला पंधरा सेकंद लावा आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (मेन लाईनच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावा, ६० किंवा १०० वॅटचा, तारेचाच. एलईडी चालत नाही. बल्ब झगझगीत पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे.

पुरात भिजलेला अँप वरून कोरडा दिसला तरी चालू करायचा नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेचा गाळ ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत बसलेला आम्ही बघितलाय. आणि एरवी अँपवरचं ते क्रोशाचं कव्हर काढा की हो! त्याला वारा लागतो.

येताना रिमोट आणा, स्पीकर घरीच राहू दे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जमलं तर त्याआधी या.