रोलर ब्लाइंड, वारा आणि दोन ताणलेल्या तारा

उघड्या खिडकीवर अर्ध्यापर्यंत सोडलेला रोलर ब्लाइंड, म्हणजे वरच्या नळीसारख्या गुंडाळीभोवती लपेटला जाणारा कापडी पडदा, वारा सुटला की दोन तऱ्हांनी त्रास देतो. जोराचा झोत आला की तो आख्खा खोलीच्या आत झेपावतो आणि परत येताना त्याची खालची पट्टी चौकटीवर आपटते. वारा मंद असला, तर कापडाच्या मोकळ्या कडा नुसत्याच फडफडत राहतात. पहिल्या प्रकारात आवाज होतो आणि कधी काचेला तडा जातो, तर दुसऱ्यात कापडाची कड हळूहळू विसविशीत होते. यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे खालची पट्टी जड करणे. हा उपाय सोपा असला, तरी तो फारसा का चालत नाही आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना बाजूने आधार देणाऱ्या दोन बारीक तारा तेच काम किती सहज करतात, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट दिसते.

वाहत्या हवेला एखाद्या पृष्ठभागाने अडवले की त्यावर पडणारा दाब हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे 1.2 किलोग्रॅम असते. म्हणजे वारा सेकंदाला 3 मीटर, अर्थात ताशी जेमतेम 11 किलोमीटर वेगाने येत असेल, तर हा दाब सुमारे 5.4 पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला 5.4 न्यूटन होतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण 1 मीटर रुंद आणि दीड मीटर लांब पडद्याचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर असल्याने त्यावर एकूण सुमारे 8 न्यूटन बल पडते, जे 800 ग्रॅमच्या वजनाइतके आहे. वेगाचा वर्ग येतो हे इथे विसरून चालत नाही: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बल चौपट, म्हणजे सव्वातीन किलोंच्या वजनाइतके होते.

आता वजनाचा हिशेब पाहू. दीड चौरस मीटर कापडाचे वजन साधारण 450 ग्रॅम आणि खालच्या पट्टीचे अर्धा किलो धरले, तर 3 मीटरच्या त्या साध्या वाऱ्यातही पडदा सरळ रेषेपासून 25 ते 30 अंशांनी कलतो आणि त्याची खालची कड जवळजवळ 70 सेंटिमीटर आत येते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण पडदा ताठ फळीसारखा मानला आहे आणि बाजूच्या फटींतून निसटणारी हवा त्यात धरलेली नाही, पण परिमाण कळायला तो पुरेसा आहे. हेच अंतर 30 सेंटिमीटरवर आणायचे असेल, तर पट्टी पावणेदोन किलोंची करावी लागते. एवढे वजन उचलणारी गुंडाळी, ते सहन करणारे कापड आणि वरचे भक्कम ब्रॅकेट हे सगळे करूनही पडदा 30 सेंटिमीटर हलणारच, आणि वारा दुप्पट झाला की पुन्हा पहिल्यासारखी स्थिती. वजन सरळ पटीत वाढवता येते, वारा मात्र वर्गाच्या पटीत वाढतो. ही शर्यत वजनाने जिंकण्यासारखी नाही.

शिवाय लटकता पडदा हा एक लंबक असतो. वरच्या हिशेबातला पडदा हलकी पट्टी असताना सुमारे 2.3 सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतो. पट्टी पावणेदोन किलोंची केली, तरी तो काळ 2.4 सेकंदांपलीकडे फारसा जात नाही, कारण लंबकाचा आंदोलनकाळ मुख्यतः लांबीवर ठरतो आणि वजनाने जवळजवळ बदलत नाही. हवामानशास्त्रात झोताचा वेग 3 सेकंदांच्या सरासरीने मोजण्याची पद्धत आहे, यावरून वाऱ्याची चढउतार किती लवकर होत असते याची कल्पना यावी. काही सेकंदांच्या अंतराने येणारे झोत पडद्याच्या स्वतःच्या लयीशी जुळले, तर झोपाळ्याला वेळेवर ढकलावे तसा प्रत्येक झोत हेलकावा वाढवतो. मग जड पट्टी चौकटीवर आदळते तेव्हा हलक्या पट्टीपेक्षा जास्त जोरानेच आदळते.

हे झाले झेपावण्याविषयी. फडफडीचे कारण वेगळे असून ते अधिक मजेदार आहे. वारा पडद्यावर समोरून न येता त्याच्या पृष्ठभागाला समांतर, उदाहरणार्थ पडदा आणि काच यांच्यामधल्या फटीतून, वाहतो तेव्हा पडद्याची अवस्था निशाणासारखी होते. कापडाला कुठेतरी किंचित फुगवटा आला की त्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि फुगवटा आणखी बाहेर ओढला जातो. दुसऱ्या बाजूच्या खळग्यात नेमके उलटे घडते. कापडाचा ताण आणि ताठपणा या ओढीला पुरा पडला नाही, तर लाट तयार होऊन मोकळ्या कडेकडे धावते. वाऱ्यातल्या निशाणांच्या आणि शिडांच्या फडफडीची गणिती कारणमीमांसा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1870च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. पुढे 2000 साली न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी साबणाच्या पाण्याच्या वाहत्या पातळ थरात रेशमाचा बारीक धागा सोडून या फडफडीचे निरीक्षण केले. धागा आखूड असेपर्यंत तो प्रवाहात सरळ राहत असे आणि लांबी वाढवत नेल्यावर तो फडफडू लागे. पण मधल्या काही लांब्यांना धागा सरळही राहू शके आणि फडफडूही शके, आणि कोणती स्थिती टिकणार हे त्याला आधी धक्का बसला होता की नाही यावर ठरे. शांत असलेला पडदा दार उघडल्याचे निमित्त होऊन एकदा फडफडू लागला की वारा तेवढाच असूनही थांबत नाही, या नेहमीच्या अनुभवाशी हे चांगले जुळते. या प्रयोगाचे संगणकावर अनुकरण 2002 साली झाले, तेव्हा असेही दिसले की धाग्याला वस्तुमानच नाही असे मानले, तर तो फडफडतच नाही. म्हणजे वजन दुहेरी वागते: खालच्या पट्टीचे वजन कापड ताणून धरते हे खरे, पण हलू लागलेल्या वस्तूला हलते ठेवणारे जडत्वही वजनातूनच येते.

आता तारांकडे येऊ. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना, पडद्याच्या कडेलगत, वरपासून खालपर्यंत पोलादाची एकेक बारीक तार ताणून बसवायची आणि खालच्या पट्टीच्या दोन टोकांना लावलेल्या छोट्या कड्यांतून ती ओवून घ्यायची, एवढेच हे साधन आहे. पडदा वरखाली करताना कड्या तारेवरून सरकतात, त्यामुळे पडदा कोणत्याही उंचीवर थांबवला तरी त्याची खालची कड मोकळी राहत नाही. यात अडचणीची मानावी अशी गोष्ट म्हणजे तार मधोमध बाजूला ढकलणे सोपे असते. ती किती सरकेल, हे तिथे पडणारे बल आणि तारेची लांबी यांच्या गुणाकाराला तारेतील ताणाच्या चौपटीने भागून मिळते. पडदा अर्धा सोडला असेल, तर मघाच्या वाऱ्याचे त्यावरचे बल 4 न्यूटन होते. त्यातले निम्मे वरची गुंडाळी घेते, उरलेले दोन तारांत वाटले जाते, आणि प्रत्येक तारेच्या वाट्याला 1 न्यूटन येते. दीड मीटर लांबीच्या तारेत 50 न्यूटन, म्हणजे सुमारे 5 किलोंच्या वजनाएवढा ताण असेल, तर ती पाऊण सेंटिमीटर सरकते. हा हिशेब पट्टीचे वजन अजिबात न धरता केलेला आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तरी सरकणे 3 सेंटिमीटरच होते. पडदा पूर्ण खाली सोडला, तर पट्टी तारेच्या खालच्या टोकाजवळ येते, जिथे तार जवळजवळ हलतच नाही.

तार नुसती दोन स्क्रूंमध्ये करकचून आवळली, तर हे साधन पहिल्या उन्हातच ढिले पडेल, आणि माझ्या मते घरी केलेल्या अशा बहुतेक जोडण्या इथेच फसतात. पोलाद तापमान अंशभर वाढले की लांबीच्या दशलक्षांश 12 भागांइतके प्रसरण पावते. दीड मीटरची तार 30 अंशांनी तापली, तर ती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त लांबते. हे काहीच नाही असे वाटेल, पण 1 मिलिमीटर जाडीच्या एकेरी तारेत 50 न्यूटनचा ताण निर्माण करणारी लांबीतली वाढसुद्धा एवढीच, खरे तर याहून थोडी कमी असते. चौकट तेवढी तापली नाही, तर सकाळी टणक असलेली तार दुपारी पूर्ण सैल झालेली दिसेल. उपाय म्हणून तारेच्या खालच्या टोकाला एक मऊ स्प्रिंग जोडावी. 1 मिलिमीटर ताणायला 1 न्यूटन लागणारी स्प्रिंग 50 मिलिमीटर ताणून बसवली, तर उन्हाने तार अर्धा मिलिमीटर वाढल्यावर ताण 50 वरून साडेएकोणपन्नासवर येतो, एवढेच. चौकट ॲल्युमिनियमची असेल, तर ती पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि तार उन्हात उलट अधिक ताणली जाते. तो फरकही स्प्रिंग तेवढ्याच सहजपणे पोटात घालते.

खालची कड धरली म्हणून मधले कापड स्थिर झाले असे मात्र होत नाही. ते आता शिडासारखे फुगते. पूर्ण सोडलेल्या पडद्याचा फुगवटा 10 सेंटिमीटर असेल, तर 3 मीटरच्या वाऱ्यात कापडात उभा ताण रुंदीच्या दर मीटरला सुमारे 15 न्यूटन येतो. फुगवटा 5 सेंटिमीटरवर आणला की ताण 30 न्यूटन होतो, आणि कापड अगदी सपाट ठेवण्याचा हट्ट धरला तर तो भराभर वाढत जाऊन गुंडाळीचे ब्रॅकेट उपटायला बसतो. म्हणून पट्टी खालून आकड्याला कायमची जखडण्यापेक्षा तारेवर थोडी वरखाली सरकू दिलेली बरी. झोत आला की पट्टी बोटभर वर उचलली जाते, कापडाला पोट येते, आणि झोत ओसरला की पट्टीच्याच वजनाने सगळे पुन्हा जागेवर बसते. वजनाचा खरा उपयोग इथे आहे, आणि त्यासाठी अर्धा किलो पुरे होतो.

स्प्रिंगच्या गुंडाळीचे पडदे ज्यांच्याकडे आहेत, त्यांना पोट येण्याच्या या हालचालीचा एक वेगळाच अनुभव येतो. ही गुंडाळी स्ट्युअर्ट हार्टशॉर्न या अमेरिकी संशोधकाने तयार केली आणि 1864 साली तिचे पेटंट घेतले. तिच्यात दातेरी चकतीवर पडणारा एक छोटा खटका असतो. पडदा सावकाश सोडला की खटका आपल्या वजनाने दातांत पडून गुंडाळी अडवतो. पडदा किंचित ओढून झटकन सोडला की गुंडाळी वेगाने फिरते, खटका अपकेंद्री बलाने बाहेर फेकलेला राहतो आणि पडदा वर जातो. आपल्या हाताच्या त्या किंचित ओढण्यात आणि वाऱ्याच्या हिसक्यात गुंडाळीला फरक कळत नसल्याने जोराच्या झोतात असा पडदा कधी कधी आपोआप सरसर वर पळतो. तारा असतानाही हे घडू शकते. पडदा पूर्ण खाली सोडलेला असेल, तर पट्टीच्या दोन टोकांना रबराचे आखूड फासे लावून ते चौकटीच्या आकड्यांत अडकवले की पट्टी वर पळू शकत नाही. फासे दोरीचे नसावेत, कारण दोरी झोताबरोबर लांबत नाही. आणि रबर उन्हाने तडकते, म्हणून सिलिकोनचे फासे जास्त दिवस टिकतात.

पडदा नेहमी एकाच उंचीवर ठेवायचा असेल, तर तारांची गरज नाही. चौकटीला दोन्ही बाजूंना एकेक आकडा मारला की भागते. चुंबकांनीही काम होते, पण चुंबक कुठे बसवला याला फार महत्त्व आहे. चौकटीच्या दर्शनी बाजूला, पट्टीच्या मागे बसवलेला चुंबक आत येणाऱ्या वाऱ्याला आपल्या पूर्ण ओढीने विरोध करतो. तोच खाली कट्ट्यावर, पट्टीच्या तळाशी बसवला तर पट्टी त्यावरून बाजूला घसरते आणि घसरण्याला विरोध फक्त घर्षणाचा, म्हणजे ओढीच्या थोड्याशाच भागाइतका असतो. मध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट राहिली तरी ओढ झपाट्याने घटते. बाहेरच्या बाजूला लावलेल्या मोठ्या पडद्यांना तारा पुऱ्या पडत नाहीत. तिथे कापडाच्या दोन्ही कडा उभ्या खाचांत चेनसारख्या अडकवून ठेवणाऱ्या पट्ट्या लागतात, आणि त्या खाचांत धूळ साचू नये म्हणून त्या साफ कराव्या लागतात.

वारा सेकंदाला 15 मीटरवर गेला की दीड चौरस मीटरच्या पडद्यावर 200 न्यूटनच्या आसपास बल येते. हे 20 किलोंचे ओझे कोणत्याही हलक्या जोडणीने पेलण्याचा विचार करू नये. अशा वेळी पडदा वर गुंडाळावा. जोडणीतला सर्वांत कमजोर दुवा कड्यांचा असावा, म्हणजे विसरलेला पडदा वादळात सापडला तर प्लास्टिकची कडी तुटेल, पण कापड फाटणार नाही आणि चौकटीतला स्क्रूही निघणार नाही. लहान मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोरीचा किंवा मण्यांच्या साखळीचा मोकळा लोंबता फास ठेवू नये, कारण अशा फासात मूल अडकून गुदमरण्याचा धोका असतो. ताणलेली एकेरी तार त्या दृष्टीने बरी, कारण तिचा फास होत नाही.

दोन्ही तारांत सारखा ताण आहे का, हे पाहायला उपकरण लागत नाही. तारेची दर सेकंदाची कंपने ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतात, हे फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी सतराव्या शतकात तंतूंवर प्रयोग करून दाखवले होते. 1 मिलिमीटर जाडीची, दीड मीटर लांबीची पोलादी तार 50 न्यूटनला सेकंदाला सुमारे 30 वेळा कंप पावते, म्हणजे तिचा अगदी खालच्या सुरातला घुमार कानाला जेमतेम लागतो आणि कंपन डोळ्यांना दिसते. ताण निम्म्यावर आला की कंपने 21 होतात आणि घुमार जवळजवळ ऐकू येईनासा होतो. पडदा वर घेऊन दोन्ही तारा मध्यावर बोटाने छेडाव्यात, आणि ज्या बाजूचा घुमार खाली उतरलेला असेल त्या बाजूची स्प्रिंग एक वेढा आवळावी.